लँबॉर्गिनी मिउरा: देखणी खरी, पण गाडी म्हणून कशी होती?

तिसरागिअर (धागाकर्ता)

मिउराचा विषय निघाला की लोक लगेच सुरू होतात, काय ती लाइन, काय त्या हेडलाइटच्या पापण्या, जगातली सगळ्यात सुंदर गाडी वगैरे वगैरे. सुंदर आहेच, त्यावर वाद घालायला धागा नाही काढलेला. पण मला कायम वाटत आलंय की मिउराची खरी गोष्ट पत्र्याखाली आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्या. नोव्हेंबर १९६५, तुरीनचा मोटर शो. लँबॉर्गिनी कंपनी काढून जेमतेम दोन वर्षं झालेली. त्यांच्या स्टॉलवर नुसती चासी ठेवली होती, वर बॉडीच नाही. नाव पी४००. पत्रा दुमडून बनवलेली, वजन कमी करायला जागोजाग गोल भोकं पाडलेली, आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे ३९२९ सीसीचं व्ही-१२ इंजिन चक्क आडवं टाकलेलं. आडवं म्हणजे गाडीच्या रुंदीत, जसं आपल्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत असतं तसं, फक्त बारा सिलिंडरचं. वर गिअरबॉक्सपण इंजिनाबरोबर एकाच ओतीव कवचात. चार महिन्यांनी, मार्च १९६६ मध्ये, तीच चासी बेर्तोने या इटालियन डिझाईन स्टुडिओची बॉडी घालून जिनिव्हाच्या शोला आली आणि पुढचा गोंधळ सगळ्यांना माहीत आहे.

माझं म्हणणं असं की मिउराचं जे काही चांगलं आहे आणि जे काही बोंबललेलं आहे ते सगळं या एकाच निर्णयातून आलंय. व्ही-१२ उभं टाकलं असतं तर त्याच्यामागे गिअरबॉक्स आला असता, म्हणजे एकतर गाडी लांब करा नाहीतर ड्रायव्हरला पुढच्या चाकांत नेऊन कोंबा. आडवं टाकलं म्हणून व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) अडीच मीटरवर राहिला, म्हणून ते प्रमाण जमलं, म्हणून तसली बॉडी काढता आली. आणि त्याच निर्णयापायी केबिन तापते, कानठळ्या बसतात, गिअर धड पडत नाही, आणि अजून बरंच.

तर प्रश्न: देखणेपण बाजूला ठेवलं तर हा निर्णय बरोबर होता का? मिउरा चांगली गाडी होती, की नुसती चांगली दिसणारी?

बाकरवडी_एक्सप्रेस

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

घाटवळण

छान धागा. पण आधी कुणीतरी साध्या भाषेत सांगा, मिड-इंजिन म्हणजे नक्की काय? मागे इंजिन असलेली ती सगळी मिड-इंजिन का? मग आपली रिक्षा?

ओम्नीवाला

नाही हो. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये इंजिन असलं तर मिड-इंजिन. अ‍ॅक्सलच्याही मागे गेलं तर रिअर-इंजिन. त्या हिशोबाने आमच्या घरची मारुती ओम्नी मिड-इंजिनच, इंजिन पुढच्या सीटखाली. मे महिन्यात सीटखालून जी धग यायची तिच्यामुळे मिउराच्या मालकांचं दुःख मी अगदी आतून समजू शकतो.

बाकरवडी_एक्सप्रेस

ओम्नी आणि मिउरा एका वाक्यात. धागा इथेच वसूल.

मेकॅनिकल_मामा

घाटवळण, ओम्नीवाल्यांनी व्याख्या बरोबर दिली, पण त्याचा फायदा काय ते सांगतो. इंजिन हा गाडीतला सगळ्यात जड एकसंध तुकडा. दोन्ही हातात भरलेल्या बादल्या लांब धरून गर्रकन वळून बघा आणि मग त्याच बादल्या छातीशी धरून वळा, फरक कळेल. वजन मधोमध असलं की गाडी पटकन वळते. शिवाय ज्या चाकांना ताकद द्यायची त्यांच्यावर वजन असतं, त्यामुळे निघताना चाकं जागच्या जागी फिरत बसत नाहीत. म्हणून रेसिंगमध्ये साठच्या आसपास सगळेच हळूहळू इंजिन मागे न्यायला लागले.

पण जी गाडी पटकन वळते ती पटकन गरगरतेसुद्धा, हे कुणी ब्रोशरमध्ये छापत नाही. जोरात वळणात असताना घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि मागचा भाग पुढे यायला बघतो. पुढे इंजिन असलेली गाडी अशा वेळी तुम्हाला जरा वेळ देते. मिड-इंजिन गाडी तो देत नाही. एन्झो फेरारी रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला मधे बारा सिलिंडरची गाडी द्यायला इतकी वर्षं का कू करत होता त्याचं एक कारण हेच. त्याच्याकडून तशी गाडी यायला १९७३ उजाडलं, ३६५ जीटी४ बीबी.

धागाकर्त्याच्या मूळ मुद्द्यावर नंतर येतो, थोडं लिहायचं आहे.

कोल्हापुरी_क्लच

मला एक कळंना, ट्रॅक्टर बनवणाऱ्या माणसाला ही गाडी काढायची हौस आली कुठनं? आमच्याकडं ऊस ओढणारे ट्रॅक्टर हजारानं हायत, त्यातला एकबी मालक असली गाडी काढंल असं वाटत न्हाई.

तिसरागिअर

क्लचराव, फेरुच्चो लँबॉर्गिनीने युद्धानंतर उरलेल्या लष्करी गाड्यांच्या सुट्या भागांपासून ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली आणि त्यात भरपूर पैसा कमावला. मग फेरारी घेतल्या, क्लच सारखा जायचा, तक्रार घेऊन गेला तर एन्झो म्हणे तू ट्रॅक्टर चालव, तुला फेरारी झेपणार नाही. मग हा चिडला आणि स्वतःच कंपनी काढली, सांत आगातात, फेरारीच्या मारानेल्लोपासून फार लांब नाही. हा किस्सा मुख्यतः फेरुच्चोच्याच तोंडून आलेला आहे त्यामुळे त्यात किती तिखटमीठ आहे ते तुम्ही ठरवा.

गंमत म्हणजे तुमच्या आयडीतच क्लच आहे.

कोल्हापुरी_क्लच

म्हंजे एका क्लचपायी एवढं रामायण. लै भारी. आता माझ्या आयडीला मान द्या.

सुलभा_काकू

तुमचं इंजिन आडवं का उभं ते चालू द्या. मला सांगा, सामान कुठे ठेवायचं? फोटोत बघितलं तर पुढे काहीच जागा दिसत नाही. आम्ही पद्मिनीतून पाच जण आणि दोन पेट्या घेऊन गणपतीला कोकणात जायचो.

मेकॅनिकल_मामा

काकू, पुढे पेट्रोलची टाकी आणि स्टेपनी. सामानाचा कप्पा अगदी शेपटाकडे, इंजिनाच्याही मागे. आणि इंजिनाची धग कुठे जाणार, तिकडेच.

सुलभा_काकू

म्हणजे मंडईतून मेथी घेतली तर घरी पोचेपर्यंत भाजी तयार. फोडणी तेवढी आपण द्यायची.

मोदेनाकर

मी मूळचा पुण्याचा, सध्या मोदेनात मास्टर्स करतोय, इकडच्या एमिलिया-रोमान्या भागातल्या चार विद्यापीठांनी आणि गाड्यांच्या कंपन्यांनी मिळून २०१७ मध्ये सुरू केलेला कोर्स आहे. त्यामुळे या विषयावर गप्प बसणं शक्यच नाही.

एक, सांत आगाता म्हणजे काही मोठं औद्योगिक शहर वगैरे समजू नका. सपाट शेतं, मधून सरळ रस्ते, हिवाळ्यात समोरचं दिसत नाही इतकं धुकं, आणि त्यात अचानक हा कारखाना. कंपनीचं म्युझियम तिथेच आहे. पण मला जास्त आवडलं ते फेरुच्चोच्या नावाचं दुसरं म्युझियम, फूनो नावाच्या गावात, त्याच्या मुलाने उभं केलेलं. तिथे ट्रॅक्टर आणि गाड्या एका छताखाली आहेत. ट्रॅक्टर बघून मग मिउरा बघितली की डोकं चालेनासं होतं.

दोन, फोटोवरून उंचीचा अंदाज येत नाही. छप्पर जमिनीपासून एक मीटर आणि पाच-सहा सेंटीमीटर. माझ्या कमरेच्या किंचित वर. आत वाकून बघितलं तर स्टिअरिंग लांब आणि पेडल जवळ, म्हणजे हात लांब आणि पाय आखूड असलेल्या माणसासाठी बनवल्यासारखं. त्या काळच्या इटालियन गाड्यांचं हे ठरलेलंच. सहा फुटी माणूस त्यात बसला तर मान वाकडी करूनच.

तीन, आणि हे धागाकर्त्याच्या मुद्द्याशी संबंधित आहे. दाराला हँडल दिसत नाही. दारामागे त्या काळ्या आडव्या पट्ट्या आहेत ना, हवा इंजिनात जायला, त्यातच एका पट्टीत हँडल लपवलंय. मागची काचही नाही, त्याजागी काळ्या पट्ट्यांची जाळी, कारण खाली इंजिन आहे आणि गरम हवा वर निघायला हवी. म्हणजे नुसतं नटवायला म्हणून काही केलेलं नाही. जिथे इंजिनाला हवा हवी होती तिथे भोक पाडणं भाग होतं, डिझायनरने त्या भोकाचंच डिझाईन केलं.

तिसरागिअर

मोदेनाकर, हाच माझा मुद्दा, तुम्ही माझ्यापेक्षा नीट मांडलात. खाली इंजिन आडवं आहे म्हणून वरचं सगळं तसं आहे.

रेषा_आणि_रंग

थांबा थांबा. हे मला अजिबात पटलेलं नाही. तुम्ही लोक डिझायनरला इंजिनिअरचा शिंपी करून टाकताय, मापं त्यांनी दिली, याने नुसतं शिवलं. असं नसतं हो. तीच चासी दुसऱ्या कुणाला दिली असती तर मिउरा झाली असती का? १९६५-६६ मध्ये मिड-इंजिन गाडी कशी दिसावी हे ठरलेलंच नव्हतं. शेकडो वर्षं घोडा पुढे आणि गाडी मागे, नंतरही इंजिन पुढे म्हणजे लांब नाक आणि आखूड शेपूट, डोळ्याला हेच सवयीचं. ते उलटं करायचं आणि तरी गाडी पुढे झेपावतेय असं वाटलं पाहिजे, मागे बसकण मारलेली दिसता कामा नये. गांदिनीने ते करून दाखवलं. त्याने नाक बारीक आणि खाली ठेवलं, मागच्या चाकावरचा खांदा भरीव केला, आणि ती एक सलग रेष पुढच्या चाकापासून दारावरून मागपर्यंत वाहत नेली. हे चासीत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आणि तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता, बेर्तोनेत नुकताच आलेला.

चहात_बुडवलेली_खारी

यात एक खुसपट काढतो. ती बॉडी सगळी गांदिनीचीच का? त्याच्या आधी बेर्तोनेत जुजारो होता, तो १९६५ च्या शेवटी शेवटी बाहेर पडला, म्हणजे मिउराचं काम हातात यायच्या जरा आधी. त्याची काही स्केचेस तिथे पडून होती आणि गांदिनीने त्यावरूनच काम केलं अशी चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे.

रेषा_आणि_रंग

आलंच हे. चर्चा आहे, माहीत आहे. दोघंही ऑगस्ट १९३८ चे, एकाच महिन्यात जन्मलेले, एकाच स्टुडिओत पाठोपाठ बसलेले, मग चर्चा होणारच. जुजारोच्या जुन्या कामातला थोडा वास मिउराला आहे हे मीसुद्धा मान्य करते, कारण एकाच स्टुडिओचं वळण. पण गांदिनीने नंतर काय केलं बघा. १९६८ ची काराबो, मग स्त्रातोस, मग काउंटाश. सगळ्या कोयत्याने तासल्यासारख्या. तोच माणूस पुढे मध्यमवर्गीय फ्रेंच कुटुंबासाठी सित्रोएन बीएक्स काढतो. जुजारोनेही इकडे मॅटिझ दिली, आपल्याकडे देवूची यायची ती. दोघंही मोठे. पण मिउरावर नाव गांदिनीचंच राहू द्या, बिचारा मार्च २०२४ मध्ये गेला आणि अजून त्याला सफाई द्यायला लावताय.

चहात_बुडवलेली_खारी

बरं बरं, राहिलं. मॅटिझची आठवण काढल्याबद्दल मात्र धन्यवाद, आमची पहिली गाडी.

मेकॅनिकल_मामा

आता माझं लांबण. चहा घेऊन बसा.

मिउराचं काम केलेले तिघे, जानपाओलो दाल्लारा, पाओलो स्तान्झानी आणि न्यूझीलंडचा टेस्ट ड्रायव्हर बॉब वॉलेस. तिघेही तिशीच्या आतले. त्यांना रेस करायची होती आणि मालकाला रेसिंगमध्ये पैसा घालायचा नव्हता. मग यांनी ऑफिस सुटल्यावर बसून रस्त्यावर चालेल अशी, पण आतून रेसगाडीची मांडणी असलेली चासी बेतली. मालकाने होकार दिला तो जास्त करून शोसाठी, लोकांनी स्टॉलवर यावं म्हणून. शोमध्ये मात्र लोक चेकबुक काढून उभे राहिले, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण मग गाडी नीट तपासून पक्की करायला वेळच मिळाला नाही. शोची वस्तू थेट गिऱ्हाइकाच्या अंगणात गेली.

आता दोष. मी आयुष्यभर कार्ब्युरेटर सोडवले आणि बसवले, पद्मिनीचे, अ‍ॅम्बेसेडरचे, जीपचे. मिउराला वेबर कंपनीचे चार कार्ब्युरेटर, प्रत्येकाला तीन तोंडं, म्हणजे बारा सिलिंडरना बारा. हे कार्ब्युरेटर मूळचे रेसिंगचे. रेसिंगची गाडी सिग्नलला उभी राहत नाही. मिउरा उभी राहायची. इंजिन नुसतं फुरफुरत असताना वरच्या भागात पेट्रोल साचायचं आणि मग कुणी ऐटीत अ‍ॅक्सिलरेटर मारला की भडका. जळालेल्या मिउरांची यादी लांब आहे. आपल्या ट्रॅफिकमध्ये ती गाडी कल्पनेतसुद्धा आणू नका.

दुसरं, इंजिन आणि गिअरबॉक्स एका कवचात म्हणून दोघांना तेलही एकच. गिअरचे दाते घासले की बारीक चुरा तेलात, तेच तेल क्रँकच्या बेअरिंगला. मिनीमध्ये हीच मांडणी होती, इसिगोनिसने केलेली, आणि दाल्लाराच्या डोक्यात मिनी होतीच. पण मिनीची ताकद केवढी आणि मिउराची ३५० पीएस (म्हणजे अश्वशक्ती). एसव्ही म्हणजे मिउराचं शेवटचं मॉडेल, त्यातल्या शेवटच्या काही गाड्यांत तेल वेगळं केलं, म्हणजे कंपनीलाही कळलं होतं.

तिसरं, नाक उचलणं. टाकी पुढे, पेट्रोल संपत आलं की नाक हलकं, त्यात बॉडीचा आकार असा की जोरात गेलं की हवा नाकाखाली शिरते. २०० च्या पुढे स्टिअरिंग हलकं लागायला लागतं. कंपनीचा दावा होता २८० चा. तिथे स्टिअरिंग हलकं लागणं म्हणजे काय ते ज्यांनी घाटात ओल्या रस्त्यावर जुनी गाडी चालवलीय त्यांनी फक्त अंदाज करावा.

आणि आता माझं मत, जे धागाकर्त्यापेक्षा वेगळं आहे. या तिन्हीपैकी फक्त तेलाची भानगड आडव्या इंजिनामुळे आहे. कार्ब्युरेटरचा दोष घाईचा. नाकाचा दोष बॉडीचा आणि टाकी पुढे टाकण्याचा. सगळं आडव्या इंजिनाच्या माथी मारू नका.

तिसरागिअर

मामा, साष्टांग. पण गिअर पडत नसे त्याचं काय? गिअरबॉक्स इंजिनाच्या मागे, लिव्हर इंजिनाच्या पुढे, मधल्या सगळ्या दांड्यांना इंजिन ओलांडून जावं लागतं. ते तर आडव्या इंजिनामुळेच ना?

मेकॅनिकल_मामा

ते मान्य. जोर लावूनच टाकायचा. दोन दोष धरा.

नाकापुढे_चाळीस

मला कळत नाही मिउराला पहिली मिड-इंजिन गाडी का म्हणतात लोक. फ्रान्समध्ये रने बोनेची जेट १९६२ पासून होती. इटलीतच एटीएस २५०० जीटी १९६३ ची, दे तोमासोची वाल्लेलुंगा पण मिउराच्या आधीची. आडवं व्ही-१२ सुद्धा होंडाने फॉर्म्युला वनमध्ये आधीच टाकलेलं, आरए२७२, १९६५ ची मेक्सिको ग्रां प्री जिंकली त्या गाडीने. मिउराने नवं काय केलं?

मोदेनाकर

या धाग्यात अजून तरी कुणी पहिली म्हटलेलं नाही हो. पण प्रश्न बरोबर आहे. जेटमध्ये चार सिलिंडरचं छोटं रेनॉचं इंजिन होतं. एटीएस हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या. होंडाचं इंजिन दीड लिटरचं आणि एका माणसाच्या रेसगाडीतलं. मिउराने हे केलं की मोठं चार लिटरचं व्ही-१२ मधे टाकलेली गाडी दुकानात विकायला ठेवली आणि सात वर्षांत साडेसातशेच्या वर विकली. त्यानंतर महागडी वेगवान गाडी म्हणजे इंजिन मागे हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं.

डेटोना_भक्त

आणि तरीसुद्धा १९६८ मध्ये फेरारीने पुढे इंजिन असलेली डेटोना आणली आणि ती तितक्याच वेगाने पळायची. मामांनी सांगितलेले सगळे भडके, चुरा, नाक उचलणं वगळून. लांब प्रवासाला कोणती घ्याल? मुंबई ते बेंगळुरू म्हटलं तर मी डेटोना घेईन आणि वाटेत कोल्हापुरात जेवेन, मिउरावाला सातारला ट्रकवर गाडी चढवत असेल.

कोल्हापुरी_क्लच

कोल्हापुरात जेवायला कुठल्याबी गाडीनं या. तांबडा-पांढरा तयार हाय.

सुलभा_काकू

अवांतर: परवा वाचलं की महिंद्रांनी इटलीची पिनिनफारिना कंपनी घेतलीय म्हणे. ती हीच का मिउरावाली?

रेषा_आणि_रंग

नाही काकू, मिउरा बेर्तोनेची. पिनिनफारिना म्हणजे फेरारीवाले, वरच्या भक्तांची डेटोना त्यांचीच. पण हो, महिंद्रांनी २०१५ च्या डिसेंबरमध्ये तो करार केला. म्हणजे बघा, तिकडे ट्रॅक्टरवाल्याने सुंदर गाडी काढली आणि इकडे जगात सर्वाधिक ट्रॅक्टर बनवणाऱ्यांनी सुंदर गाड्या काढणारा स्टुडिओच विकत घेतला. कोल्हापूरकरांनी आता आपलं वरचं विधान तपासावं.

कोल्हापुरी_क्लच

शब्द मागं घेतो. उद्यापास्नं ऊस ओढणाऱ्याकडं आदरानं बघणार.

बाकरवडी_एक्सप्रेस

मिउरा हे नाव कशावरून?

तिसरागिअर

स्पेनमध्ये सेव्हिलजवळ झुंजीचे बैल पैदास करणारं मिउरा घराणं आहे, त्यावरून. फेरुच्चोची रास वृषभ, म्हणून कंपनीच्या बिल्ल्यावर बैल. पुढे बऱ्याच गाड्यांना बैलांचीच नावं.

घाटवळण

मामांचा मोठा प्रतिसाद वाचून एक शंका. एवढे दोष होते तर नंतरच्या मॉडेलमध्ये सुधारले का? ते एस आणि एसव्ही काय प्रकार आहेत?

मेकॅनिकल_मामा

थोडक्यात, १९६८ ची एस, ताकद ३७० पीएस आणि आत जरा सुखसोयी, काचा विजेवर वगैरे. १९७१ ची एसव्ही मात्र खरी दुरुस्त झालेली गाडी. ३८५ पीएस, मागचं सस्पेन्शन बदललं, मागची चाकं रुंद, त्यासाठी मागचे खांदे फुगवले. आणि पापण्या काढल्या, तो एकच बदल लोकांना लक्षात राहतो.

रेषा_आणि_रंग

पापण्या काढल्या ते पापच. हेडलाइट मूळचे फियाट ८५० स्पायडरचे, साध्या स्वस्त गाडीचे, निजवून बसवलेले. त्याच्याभोवती ते काळे दात लावले आणि कुणाला पत्ता लागला नाही की हे फियाटचे दिवे आहेत. काटकसर लपवायची याहून सुंदर रीत मला माहीत नाही.

नाकापुढे_चाळीस

मूळ प्रश्नावर येऊ का आता? धागाकर्त्याने विचारलंय की निर्णय बरोबर होता का. माझ्या मते उत्तर लँबॉर्गिनीनेच दिलंय. मिउरानंतर काउंटाश, काम त्याच स्तान्झानीचं, १९७१ च्या जिनिव्हात पहिली दाखवली. त्याने काय केलं? इंजिन उभं केलं आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या पुढे, दोन सीटच्या मधे आणला. लिव्हर थेट गिअरबॉक्सवर, लांब दांड्यांची कटकट संपली. तेल वेगळं. ज्याने आडवं टाकलं त्यानेच पुढच्या गाडीत ते सोडून दिलं. अजून काय पुरावा हवा?

तिसरागिअर

पण काउंटाशमध्ये मग ताकद मागच्या चाकांपर्यंत परत न्यायला दांडा इंजिनाच्या सम्पमधून, म्हणजे तळच्या तेलाच्या भांड्यातून, काढावा लागला, त्यामुळे इंजिन वर उचललं गेलं. फेरारीच्या बीबीत गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, तिथेही तेच, वजन वर. बारा सिलिंडर मधे टाकायचे म्हटलं की कुठेतरी पैसे भरावेच लागतात, फक्त कुणी कुठल्या खिडकीवर भरायचे ते ठरवायचं.

मेकॅनिकल_मामा

बरोबर. आणि आडव्या मांडणीला सरसकट बाद करू नका. फेरारीची डिनो बघा, आडवं व्ही-६. तेच इंजिन लान्चियाच्या स्त्रातोसमध्ये आडवं, २४१८ सीसी, व्हीलबेस अवघा २१८० मिलिमीटर, आणि १९७४, ७५, ७६ अशी लागोपाठ तीन वर्षं लान्चिया जागतिक रॅलीत अव्वल. फेरारी ३०८ मध्ये आडवं व्ही-८. होंडा एनएसएक्समध्ये आडवं व्ही-६, आणि ती तर रोज ऑफिसला नेता येईल अशी गाडी. सहा-आठ सिलिंडरला आडवी मांडणी उत्तम. बारा सिलिंडर आडवे घातले की गाडीच्या रुंदीत मावायची मारामार आणि गिअरबॉक्सला जागाच उरत नाही, म्हणून तो एका कवचात कोंबावा लागला. कल्पना बरोबर होती, तिच्यासाठी इंजिन दुप्पट लांब निवडलं.

पण त्यांच्याकडे दुसरं इंजिन होतं कुठे? बिझ्झारीनीने बनवलेलं व्ही-१२ हेच कंपनीचं एकमेव इंजिन. नवीन व्ही-८ बनवायला वेळ आणि पैसा, दोन्ही नाही. जे हाताशी होतं ते आडवं टाकलं.

डेटोना_भक्त

म्हणजे मामा, शेवटी तुमचा निकाल काय? चांगली गाडी की नाही?

मेकॅनिकल_मामा

१९६६ ची पी४०० चांगली गाडी नव्हती, अर्धी शिजलेली होती. शेवटच्या लॉटमधली, तेल वेगळं असलेली एसव्ही चांगली गाडी. कुणी फुकट दिलीच तर तीच घेईन, आणि पहिलं काम म्हणजे गॅरेजमध्ये आग विझवायचा सिलिंडर आणून ठेवीन.

रेषा_आणि_रंग

मी पी४०० घेईन. चालवणार नाही. हॉलमध्ये ठेवीन.

सुलभा_काकू

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये मावेल का ते आधी बघ.

तिसरागिअर

मामांचं दुप्पट लांब इंजिन मला पटलं. तरी डेटोना जास्त चांगली यावर मी सही करणार नाही. डेटोना म्हणजे जुन्या पद्धतीच्या गाडीचं उत्तम टोक, तिच्यापुढे रस्ताच नव्हता. पाच वर्षांनी खुद्द फेरारीने इंजिन मागे नेलंच ना.

डेटोना_भक्त

नेलं, आणि १९९६ मध्ये ५५० मारानेल्लो काढून परत पुढे आणलं. त्यानंतर त्यांची नेहमीच्या विक्रीतली व्ही-१२ गाडी पुढेच इंजिन घेऊन फिरतेय. आता बोला.

तिसरागिअर

हम्म. हा मुद्दा वर्मी लागला. यावर विचार करून लिहितो.

मोदेनाकर

जाता जाता एक काडी टाकतो. बारा आडवे जास्त झाले असं सगळ्यांचं एकमत होतंय, पण लँबॉर्गिनीतूनच बाहेर पडलेल्या क्लाउदिओ झाम्पोल्लीने ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मोदेनात एक गाडी काढली, चिझेता व्ही१६टी. तो टी म्हणजे ट्रान्सव्हर्सच. आडवे सोळा सिलिंडर. बॉडी परत गांदिनीची. जेमतेम मूठभर बनल्या, पण बनल्या.

मेकॅनिकल_मामा

सोळा? आडवे?

मोदेनाकर

हो, सहा लिटर. फक्त गिअरबॉक्स उभा, इंजिनाच्या मधोमधून ताकद घेऊन मागे. म्हणजे तुम्ही म्हणताय ती एका कवचात कोंबण्याची अडचण त्यांनी तशी सोडवली. रुंदी मात्र विचारू नका, दोन मीटरच्या वर.

मेकॅनिकल_मामा

याचा वेगळा धागा काढा. मी चष्मा पुसून येतो.